इंग्रजीचे चार मार्क

बापूरावांची लूना अंगणात शिरली तेव्हा मनसाराम भानारकर नव्याकोऱ्या पत्र्याच्या पेटीवर पांढऱ्या ऑइलपेंटनं मुलीचं नाव लिहीत बसला होता. 'कु. प्रेमिला म. भानार' इथपर्यंत मजकूर आला होता. चिमूरच्या कॉलेजचे हेडक्लार्क रविवारी सकाळी, चिखलातून सात किलोमीटर लूना हाणत घरी आले म्हणजे बातमी मोठीच असणार, हे ओळखून तो ब्रश हातात घेऊनच उठला.

"या या, बापूरावभाऊ! सांगा, किती?"

बापूरावांनी लूना स्टँडला लावली. डोक्यावरचा प्लॅस्टिकचा कागद काढून झटकला, त्याची घडी केली आणि ती सीटखाली ठेवली.

"भाऊ, पह्यले पाणी द्या."

"देतो. पण किती?"

"कमी."

मनसारामनं वर आभाळाकडं पाहिलं. "हाव, आता उघाडच आहे."

"पाऊस नाई, भाऊ. मार्क. इंग्रजीचे. एक्केचाळीसचे सदतीस झाले."

ब्रशवरचा रंग मनसारामच्या पायावर टपकला. आतून प्रेमिला आणि तिची आई कांता, दोघी एकदमच दारात आल्या.

"कायचे मार्क?" प्रेमिलानं विचारलं.

हे विचारण्याचा तिला पूर्ण हक्क होता, कारण या प्रकरणातलं तिला काहीच माहीत नव्हतं.

प्रेमिलानं नुकतंच बी.एस्सी.चं पहिलं वर्ष संपवलं होतं. भानारकरांचं घर ढिवराचं, तलावाच्या पाळीला लागूनच. मनसाराम गावच्या मच्छीमार संस्थेचा सचिव. बाकीची पोरं जाळ्यातले मासे मोजायची, तेव्हा ही मरळीचं पोट फाडून आत काय काय आहे ते पाहत बसायची. त्या उन्हाळ्यात, म्हणजे अठ्ठ्याण्णव साली, तिनं पेपरातली एक जाहिरात कापून आणली. समुद्राकाठच्या एका मत्स्यविद्यापीठात थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश. अख्ख्या राज्यातून जागा दोन. पहिल्या वर्षाला साठ टक्के पाहिजेत. आणि पहिलं वर्ष झाल्याझाल्याच जायचं. एकदा दुसऱ्या वर्षाला बसलं की मग दार बंद.

"माशायचं शिकाले समुद्रावर काऊन जा लागते?" मनसाराम तेव्हा म्हणाला होता. "तलाव तं पुढीच आहे."

"तलाव आहे, बाबा. पण उन्हाळ्यात एखाद्या सकाळी सारे मासे उताणे काऊन पडते, हे तुमाले सांगता येते का?"

मनसारामला सांगता आलं नाही. वीस वर्षं मासे धरून सांगता आलं नाही याचा त्याला स्वतःलाच धक्का बसला. त्या दिवसापासून तो त्या प्रवेशाच्या मागं प्रेमिलापेक्षा जास्त हात धुऊन लागला. तलावाच्या ठेक्यासाठी सरकारदरबारी खेटे घालून त्याचं एक मत पक्कं झालं होतं, की एका अर्जानं तिथं कोणी मान वर करत नाही. दुसऱ्यानं करतात, आणि तिसऱ्यानं खुर्ची देतात.

निकाल लागला. सहाशेपैकी तीनशे एकसष्ट. साठ टक्क्यांना तीनशे साठ पुरेसे होते.

"जमलं, बाबा!" प्रेमिला उड्या मारत म्हणाली.

"एकच मार्क वरतं?"

"एक बी वरतंच असते."

मनसारामला मात्र झोप लागेना. एक मार्क म्हणजे काय! कोणी साहेब जरा जोरात शिंकला तरी उडून जाईल. त्यातच प्रेमिला आईजवळ बोलताना त्यानं ऐकलं, "इंग्रजीत लयच कमी देले वो. पंचावन तरी पायजे होते मले." झालं. दुसऱ्या दिवशी तो बापूरावांकडं गेला आणि इंग्रजीचा पेपर पुन्हा तपासायचा फॉर्म घेऊन आला. फॉर्मवर मुलीची सही लागत होती. ती त्यानं एसटीच्या पासाच्या फॉर्मखाली ठेवून घेतली. मार्क वाढले की एकदमच सांगू, पोरगी खूश होईल, असा त्याचा बेत.

पुढं मत्स्यविद्यापीठाचं पत्र आलं. दोन जागांपैकी एका जागेवर निवड. चौदा ऑगस्टला सकाळी अकरा वाजता मूळ कागदपत्रांसह हजर राहावं. पत्र आलं त्याच दुपारी मनसारामनं चिमूर गाठून मुलीचा कॉलेज सोडल्याचा दाखला काढला. संस्थेच्या अध्यक्षांनी, दादाजींनी, तलावाच्या पाळीवर सत्कार ठेवला, नारळ दिला, पत्र्याची पेटी दिली आणि समुद्र कधीच पाहिला नसल्यामुळे समुद्रावर अर्धा तास भाषणही दिलं.

आणि आज नऊ ऑगस्ट. अंगणात बापूराव उभे होते आणि मार्क चारनं कमी झाले होते.

"पण मी फॉर्म भरलाच नाई!" प्रेमिला म्हणाली.

बापूरावांनी खिशातून फॉर्मची झेरॉक्स काढून पुढं केली. "सही तं तुहीच आहे, बाई."

प्रेमिलानं सही पाहिली. मग तिनं बापाकडं पाहिलं. कांतानंही पाहिलं. बापूरावांना सगळं आधीच माहीत होतं, तरी त्यांनीही पाहिलं.

"मले वाटलं वाढतीन," मनसाराम म्हणाला.

"आन् कमी झाले तं?"

"कमी बी होते?"

"होते ना," बापूराव म्हणाले. "नवीन मार्क कमी भरो का जास्त, तेच पक्के. फॉर्मच्या मांगच्या बाजूले लिवून रायते."

"मांगची बाजू कोण वाचते, भाऊ?"

प्रेमिला ओठांतल्या ओठांत हिशेब करत होती. तीनशे सत्तावन्न. साडेएकोणसाठ टक्के. तिचा चेहरा पेटीवरच्या रंगासारखा पांढरा पडला.

"अर्ध्याच टक्क्यानं गेलं ना?" कांता म्हणाली. "अर्ध्यासाठी कोण अडवते? आपण मासोळी मोजतो तं वरतून दोन टाकतोच ना!"

"आई, थे मासोळी नोय."

"मंग दाखला वापस देऊन टाकू," मनसाराम घाईघाईनं म्हणाला. "चिमूरले शीक. घरचं जेवण, घरचं—"

बापूराव खाकरले. "दाखला काढला तेव्हाच नाव कटलं, भाऊ. तुमी म्हणलं होतं ना, आत्ताच्या आत्ता काटा म्हणून. तिच्या जागेवर वेटिंगची पोरगी घेतली. तिनं फी बी भरली."

 एक कोंबडी ओल्या रंगावरून चालत गेली आणि ओट्यावर पांढरी पावलं उठवत पसार झाली. तिला कोणी हाकललंही नाही.

"म्हणजे मी आता इथी नाई, तिथी बी नाई," प्रेमिला म्हणाली. ती ओरडली नाही. चपला घालून पाळीवर गेली आणि पाण्याकडं तोंड करून बसली. ती ओरडली असती तर मनसारामला बरं वाटलं असतं.

जाताना बापूरावांनी त्याला लूनाजवळ बोलावलं. निकालाची चिठ्ठी हातात दिली आणि आवाज खाली आणला. "भाऊ, नवीन मार्कलिस्ट छापून याले महिना लागते. सध्या ही अशी चिठ्ठीच आहे. जुनी मार्कलिस्ट तुमच्यापाशी आहेच. तीच दाखवा. कोणाले मालूम पडते?"

"आन् दुसरा काही उपाय?"

"या निकालावर हरकत घेता येते. आपल्या कॉलेजच्या विद्यापीठात जाऊन अर्ज द्या लागते. पण त्याचं काही खरं नाई."

दोन्ही उपाय मनसारामनं मनात नोंदवले. एकावर थांबणं त्याला जमण्यासारखं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पहाटेच्या एसटीनं तो घरात काही न सांगता कॉलेजच्या विद्यापीठाच्या परीक्षा विभागात पोचला. खिडकीतल्या बाबूनं त्याचं म्हणणं मान न उचलता ऐकलं.

"अर्ज मागे घ्यायची मुदत पंचवीस जुलैला संपली."

"पण साहेब, मी पेपर तपासा म्हणलं होतं. मार्क कमी करा नाई म्हणलं."

"मग तपासला ना?"

 त्यानं भिंतीला कागद टेकवून उभ्याउभ्या तीन पानी हरकत अर्ज लिहिला. त्यात मुलीची हुशारी, तलावातल्या माशांचं मरणं, संस्थेची स्थापना आणि शेवटी इंग्रजीचा पेपर, अशा क्रमानं सगळं आलं. 'आवक' लिहिलेल्या खिडकीचं एकच दार उघडं होतं. त्यातून एक हात बाहेर आला आणि अर्ज आत घेऊन गेला.

"पोच? शिक्का?" मनसारामनं विचारलं.

"नंतर," हात म्हणाला आणि दार बंद झालं.

बारा तारखेला बापलेक निघाले. एसटीनं वरोरा, तिथून रेल्वे. प्रेमिलाच्या मांडीवर कागदांची फाइल, मनसारामच्या मांडीवर कापडी पिशवी. गाडी सुटल्यावर प्रेमिलानं फाइल उघडली आणि एकेक कागद पाहू लागली.

"बाबा, थे चिठ्ठी कुठी आहे?"

"कोणती?"

"सदतीस मार्कावाली."

"राह्यली असन घरी. जाऊ दे. जुनी मार्कलिस्ट आहे ना?" मनसारामनं खिडकीबाहेर पाहिलं. बाहेर पाहण्यासारखं काहीच नव्हतं, तरी तो मन लावून पाहत राहिला.

"बाबा, मी दोन्ही दाखवणार आहो."

मनसारामनं झटक्यात मान वळवली. "पागल झाली का तू? साठ टक्के मांगते थे. साडेएकोणसाठ दाखवशीन तं गेटावरूनच वापस पाठवतीन!"

"पाठवू द्या. नाई दाखवलं आन् दोन वर्षानं मालूम पडलं तं? तेव्हा काढून टाकलं तं मी कुठी जाऊ? तुमीच सांगा. आता तं निदान एकोणीसच वर्षांची आहो."

पुढचे दोन तास मनसारामनं तिला परोपरीनं समजावलं. लाच देतो, चोरी करतो असं काही नाही. फक्त एक कागद दाखवायचा नाही. प्रेमिला ऐकून घेत होती आणि दर वेळी "हाव" म्हणत होती. तिची आईही नेमकी अशीच 'हाव' म्हणते आणि करायचं तेच करते, हे त्याच्या उशिरा लक्षात आलं.

चौदा तारखेला अकराच्या ठोक्याला दोघं प्रवेश समितीच्या साहेबांसमोर बसले होते. खिडकीतून समुद्र दिसत होता. आयुष्यात पहिल्यांदा दिसत होता. पण दोघांपैकी कोणाचंच तिकडं लक्ष नव्हतं. साहेब पन्नाशीचे, चष्मा कपाळावर. त्यांनी जुनी गुणपत्रिका पाहिली, दाखला पाहिला.

"दाखला आत्ताच काढलात? तो तीस सप्टेंबरपर्यंत चालला असता. पत्राच्या खाली लिहिलंय. इथं पक्कं झाल्याशिवाय तिथलं नाव कोणी काढतं का?"

 आणखी एक खालची बाजू वाचायची राहिली होती.

"सर, आणखी एक कागद आहे," प्रेमिला म्हणाली. "बाबा, द्या ना."

"कोणता बाई?"

"पिशवीतला. सुकट बांधली त्याच्या खालचा. काल डब्यात तुमी झोपले होते तेव्हा मी पाह्यला."

मनसारामनं पिशवीत हात घातला. आधी साहेबांसाठी आणलेली सुक्या झिंग्यांची पुडी बाहेर आली, तिचा वास खोलीभर पसरला. मग चिठ्ठी आली. साहेबांनी चष्मा नाकावर घेतला आणि चिठ्ठी वाचली. पुन्हा गुणपत्रिका वाचली. पेननं बाजूच्या कागदावर काहीतरी मांडलं.  मनसारामच्या डोळ्यांपुढं परतीचा प्रवास, अर्धवट रंगवलेली पेटी आणि अंगणात उभी असलेली कांता, सगळं एकामागून एक येऊन गेलं.

"इंग्रजीचे चार मार्क कमी झाले," साहेब म्हणाले. "मग?"

"मग... साठ टक्के होत नाई, सर," प्रेमिला म्हणाली.

"इंग्रजी कोण धरतंय? जाहिरात वाचली नाहीत? 'संबंधित विषयांत साठ टक्के.' आम्ही फक्त विज्ञानाचे पाच पेपर धरतो. पाचशेपैकी तीनशे वीस. चौसष्ट टक्के. आधीही चौसष्ट, आत्ताही चौसष्ट. इंग्रजीत पास आहेस ना? बस."

 इतके दिवस 'साठ' हा आकडा घरात सगळ्यांना पाठ होता. त्याच्या आधीचे दोन शब्द कोणीच वाचले नव्हते.

"तरी ही चिठ्ठी आणून दाखवलीस हे बरं केलंस," साहेब म्हणाले. "फेरतपासणी संपली हे यावरून कळलं. निकाल यायचा बाकी असता तर मला प्रवेश देता आला नसता. नियमच आहे. निकाल प्रलंबित असलेला विद्यार्थी आम्ही घेत नाही." त्यांनी फॉर्म पुढं ओढला आणि पेनचं टोपण काढलं.

मनसारामला इतका आनंद झाला होता की त्याला गप्प बसवेना. या भल्या माणसाला आपल्या मुलीबद्दल आणखी काहीतरी चांगलं सांगावं असं त्याला फार वाटलं.

"साहेब, थे सदतीस बी खरे नोय! मी दहा तारखेले आमच्या विद्यापीठात जाऊन हरकत अर्ज देला. तीन पानाचा. पहा तुमी, अजून वाढतीन!"

पेन कागदापासून बोटभर अंतरावर थांबलं.

"म्हणजे निकाल प्रलंबित आहे?"

प्रेमिलानं हळूहळू मान बापाकडं वळवली. "बाबा," ती म्हणाली, "काय केलं तुमी?"

 या वेळी फॉर्म नव्हता, मागची बाजू नव्हती. साहेबांनी नियम तोंडानं सांगितला होता, तोही मिनिटभरापूर्वी.

"साहेब, मी अर्ज वापस घेतो. आत्ता लिवून देतो. कागद द्या."

"नका लिहू!" साहेब आणि प्रेमिला एकदमच ओरडले.

साहेबांनी पेनचं टोपण लावलं. फोन जवळ घेतला, डायरीतून नंबर काढला, एसटीडी लागेपर्यंत चार वेळा फिरवला. मग बराच वेळ ते नुसतं "हां... हां..." करत राहिले.

"भानारकर, हो... दहा तारीख... आवकमध्ये नाही?... बरं, कधीपासून?... मग टपाल कोण फोडतं?... कोणीच नाही?... लेखी विचारलं तर काय सांगाल?... ठीक आहे."

त्यांनी फोन ठेवला आणि चष्मा कपाळावर चढवला.

"तुमच्या अर्जाची नोंदच नाही. आवकचा माणूस चार तारखेपासून रजेवर आहे."

"पण साहेब, माह्या हातून घेतला ना! एक हात होता—"

"बाबा!" प्रेमिलानं टेबलाखालून त्याच्या पायावर पाय दिला.

"नोंद नाही, म्हणजे अर्ज नाही. अर्ज नाही, म्हणजे प्रलंबित नाही," साहेब म्हणाले आणि सही करून मोकळे झाले. मग त्यांनी झिंग्यांच्या पुडीकडं पाहिलं. "हे तलावातले का? ठेवून जा. खायला नाही, वर्गात दाखवायला."

बाहेर आल्यावर दोघं समुद्राकाठच्या कठड्यावर बसले.  पुढ्यात एवढं पाणी, आणि पलीकडची पाळ कुठं दिसत नव्हती.

"प्रेमिला," मनसाराम म्हणाला, "रागावली का वो?"

"लय." तिनं नाक ओढलं, मग तिला हसू फुटलं. हसतहसतच ती रडली. "पण तुमी इतकं कोणासाठी करत होते, थे बी दिसते मले. फक्त आता काही करू नका, बाबा. माह्याच्यानं अजून एक धक्का सहन होत नाई."

"नाई करत."

दिवाळीच्या चार दिवस आधी भानारकरांकडं परीक्षा विभागाचा लिफाफा आला. मनसारामनं तो ओट्यावर बसून फोडला आणि दोनदा वाचला. हरकत अर्जाचा विचार होऊन तज्ज्ञांनी पेपर नव्यानं तपासला होता. इंग्रजी, सदतीसचे बावन्न. एकूण तीनशे बहात्तर. सुधारित गुणपत्रिका हवी असल्यास मूळ गुणपत्रिका पंधरा दिवसांत जोडून रीतसर अर्ज करावा. मूळ गुणपत्रिका समुद्राकाठच्या विद्यापीठाच्या कपाटात होती.

कांता तांदूळ निवडत होती. तिनं सगळं ऐकलं. "बासट टक्के! म्हणजे पोरगी खरंच म्हणत होती. मंग? कागद आणू का? पेन त्या कोनाड्यात आहे."

मनसारामनं पत्र उलटं करून मागची बाजू पाहिली. कोरी होती. तरी त्यानं ती वरपासून खालपर्यंत नीट पाहिली. मग पत्राची घडी घातली.

"राहू दे."

"उद्या लिवता?"

"नाई लिवत."

"अवो, पंधराच दिवसाची मुदत आहे म्हणते ना?"

"जाऊ दे मुदत," मनसाराम म्हणाला आणि जाळं दुरुस्त करायला बसला.

कांताच्या हातातलं सूप तिथंच थांबलं. ती उठली, जवळ आली, आणि तिनं त्याच्या कपाळावर हात ठेवून ताप आहे का ते पाहिलं.